लहान मूल, स्क्रीन आणि आई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या आयांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "मला कळतंय, माझं चुकतंय, पण..." त्या 'पण'नंतर जे येतं ते फार खरं असतं. रात्रीची झोप झालेली नसते, घरात दुसरं मोठं माणूस नसतं, स्वयंपाक उरकायचा असतो आणि मूल पायाला बिलगलेलं असतं. हे पान त्या 'पण'नंतरच्या भागासाठी लिहिलं आहे. मुलांच्या आकलनाच्या वाढीबद्दल जे ठामपणे सांगता येतं ते इथे सांगितलं आहे. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात कुठेही उभं केलेलं नाही, कारण संशोधन नीट वाचलं तर तेही तिला तिथे उभं करत नाही.

कितव्या वयाला किती वेळ चालतो?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिला वाढदिवस होईपर्यंत स्क्रीन अजिबात नको. दुसरा होईपर्यंतही नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये रेघ जराशी वेगळी आखली होती: दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉल सोडून काही नको, दीड ते दोन वर्षांत दाखवायचंच असेल तर निवडून आणि सोबत बसून, दोन ते पाच वर्षांत चांगल्या कार्यक्रमांचा एक तास.

2019 च्या सूचनांमधला स्क्रीनचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, बाकीचा भाग मात्र कुणी सांगत नाही. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्याला खुर्चीत किंवा बाबागाडीत एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये आणि ते बसलेलं असेल तेव्हा त्याला गोष्ट सांगावी, पुस्तक वाचून दाखवावं, असंही त्यात आहे. स्क्रीनचा मुद्दा या सगळ्याच्या जोडीने येतो. त्याला एकटं काढून वाचलं की तो नुसता मनाईहुकूम वाटतो.

एखाद्या दिवशी दोन तास झाले तर?

काही बिघडत नाही. प्रवास असतो, मूल तापाने फणफणलेलं असतं, आईच आजारी असते. महत्त्व असतं ते रोजच्या सवयीला, महिनोन् महिने चालणाऱ्या दिनक्रमाला. एका दिवसाचा हिशोब मांडून झोप उडवून घेऊ नका.

स्क्रीनमुळे मेंदूचं नेमकं होतं काय? त्या उजेडाने काही इजा होते का?

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, म्हणून जरा सविस्तर.

नऊ-दहा महिन्यांचं एक मूल डोळ्यांसमोर आणा. ते चमचा खाली टाकतं. चमचा वाजतो. ते आईकडे बघतं. आई म्हणते, "पडला? चमचा पडला?" आणि उचलून देते. मूल पुन्हा टाकतं, पुन्हा बघतं, या वेळी तोंडातून 'आ' असा काहीतरी आवाज काढतं. आई म्हणते, "हो, पुन्हा पडला!" सातव्या-आठव्या वेळेला आई वैतागते, पण मुलाचं काम जोरात चालू असतं. हातातून सुटलेली वस्तू खालीच जाते, ती वाजते, मी आवाज काढला की समोरचं माणूस बोलतं, आणि 'चमचा' नावाची गोष्ट ही आहे, असे चार धडे त्या दोन मिनिटांत होतात. लक्ष टिकवणं, आठवणं, भाषा, अंदाज बांधणं, स्वतःला आवरणं, ज्याला आपण एकत्रितपणे आकलनाची वाढ म्हणतो, ती या वयात अशाच देवाणघेवाणीतून होते.

आता त्याच मुलासमोर स्क्रीन ठेवा. ते गप्प बसतं. स्क्रीनने त्याला काही 'केलेलं' नसतं, पण चमच्याचा खेळ झालेला नसतो. मुख्य नुकसान आहे ते हेच: जे व्हायचं होतं ते होत नाही.

याचं मोजमापही झालं आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात 220 कुटुंबांतल्या मुलांना वर्षाच्या वयापासून तीन वर्षांपर्यंत, दर सहा महिन्यांनी, दिवसभराचं बोलणं टिपणारं छोटं यंत्र लावलं. मुलं तीन वर्षांची असताना स्क्रीनच्या दर एका जादा मिनिटामागे त्यांच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी 6.6 ने कमी झाले, मुलांचे स्वतःचे उद्गार 4.9 ने आणि पाळीपाळीने झालेलं बोलणं 1.1 फेऱ्यांनी. मिनिटाचा आकडा किरकोळ वाटतो, तो तासाच्या हिशोबात मांडून बघा.

या फेऱ्यांना इतकं महत्त्व का? 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते दोन वर्षांच्या वयात ज्या मुलांच्या वाट्याला अशा फेऱ्या जास्त आल्या होत्या, त्यांची 9 ते 14 वर्षांच्या वयात भाषेची समज आणि बुद्ध्यंक सरस आढळले. नुसत्या कानावर पडणाऱ्या शब्दांपेक्षा समोरासमोरच्या फेऱ्यांचा हा संबंध ठळक होता.

पण आमचं मूल व्हिडिओ बघूनच रंग, आकडे, प्राण्यांची नावं शिकलं!

शिकलं असेल, आणि त्याचं कौतुक जरूर करा. तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या.

पहिली म्हणजे, दोन वर्षांच्या आतली मुलं पडद्यावरून फारच कमी शिकतात. 2003 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांसमोर खरी व्यक्ती बसून 12 बैठकांमध्ये खेळली, बोलली. काहींना तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. पहिल्या गटातली बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली, दुसऱ्या गटातल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. माणूस तेच, शब्द तेच, फरक फक्त समोर असण्याचा. 2010 मध्ये जूडी डीलोच यांच्या गटाने 12 ते 18 महिन्यांच्या मुलांना महिनाभर शब्द शिकवणारी चित्रफीत दाखवून पाहिली. ज्यांनी ती पाहिलीच नव्हती त्यांच्यापेक्षा या मुलांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले ते ज्यांच्या आईबाबांनी चित्रफितीशिवाय, रोजच्या कामांत ते शब्द वापरले त्यांना. आणि ज्या पालकांना ती चित्रफीत आवडली होती, त्यांना मूल प्रत्यक्षापेक्षा जास्त शिकल्याचं वाटत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाठांतर आणि समज यांत अंतर असतं. 'एक, दोन, तीन' गाण्यासारखं म्हणणारं मूल 'मला दोन चेंडू दे' म्हटल्यावर दोनच चेंडू देतं का, ते बघा. नाही दिले तर घाबरू नका, त्याच्याबरोबर चेंडू मोजायला बसा.

टीव्ही नुसता चालू असतो. मूल बघतही नाही. तोही मोजायचा?

हो, आणि माझ्या मते घराघरांतून सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे. 2009 च्या एका अभ्यासात दोन महिने ते चार वर्षांच्या 329 मुलांच्या घरातलं बोलणं टिपलं गेलं. ऐकू येईल अशा आवाजात टीव्ही चालू असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी 770 ने घटले. टीव्ही बोलत असतो, म्हणून आपण बोलत नाही. दुसऱ्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांची मुलं खेळण्यांशी खेळत असताना खोलीत मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी टीव्हीकडे अधूनमधून, क्षणभरच पाहिलं. पण त्यांचा प्रत्येक खेळ लवकर तुटत गेला आणि एका गोष्टीत रमण्याचा वेळ कमी झाला.

कुणी बघत नसेल तर टीव्ही बंद ठेवणं, इतकी साधी गोष्ट आहे. मुलाशी भांडण नाही, रडारड नाही. सुरुवात इथून करा.

व्हिडिओ कॉल चालतो का?

चालतो. लांब असलेली आजी 'कुठाय माझं बाळ?' म्हणते, बाळ हसतं, आजी त्या हसण्याला उत्तर देते. ही देवाणघेवाणच आहे. 2014 च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं समोरासमोर आणि व्हिडिओ कॉलवर, दोन्हीकडे नवी क्रियापदं शिकली, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून मात्र शिकली नाहीत. कॉल चालू असताना शेजारी कुणीतरी बसून 'बघ, आजी हात हलवतेय' असं जोडून देत राहिलं, तर आणखी बरं.

संशोधनात सतत 'आई, आई' का? बाबा कुठे आहेत?

योग्य राग आहे. याचं मोठं कारण व्यवहाराचं आहे: अशा अभ्यासांत बायकांची नोंदणी गरोदरपणातच होते आणि पुढची वर्षानुवर्षं प्रश्नावल्या त्याच भरतात. त्यामुळे आईचं वय, शिक्षण, मनःस्थिती यांची माहिती हाताशी असते आणि बाबांच्या रकान्यात फारसं काही नसतं. मूल मात्र जो कुणी बोलेल त्याच्याकडून शिकतं. बाबा, आजोबा, मोठी बहीण, पाळणाघरातल्या ताई, सगळे त्यात आले. पुढे जिथे जिथे 'आई' म्हटलं आहे, तिथे 'मुलाला दिवसभर सांभाळणारं माणूस' असं वाचलंत तरी अर्थ बदलणार नाही. बाळंतपणाचा भाग तेवढा अपवाद.

आईचं शिक्षण, वय, मनःस्थिती यांचा मुलाच्या बुद्धीशी खरंच संबंध असतो?

संबंध असतो. पण तो जसा सांगितला जातो, तसा नसतो.

जपानमध्ये 7,097 माता-बालकांच्या जोड्यांवर झालेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या वयात ज्या मुलांचा स्क्रीनचा वेळ जास्त होता, त्यांच्यात दोन वर्षांच्या वयात संवाद, बोटांची कामं, अडचण सोडवणं आणि लोकांत मिसळणं यांत उशीर जास्त आढळला. चार वर्षांच्या वयातही संवाद आणि अडचण सोडवणं यांतला फरक टिकून होता. बातम्या इथवरच आल्या. त्याच अभ्यासात हेही होतं की जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलांच्या आया तुलनेने तरुण होत्या, पहिलटकरीण होत्या, त्यांच्या घरचं उत्पन्न आणि त्यांचं शिक्षण कमी होतं, आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य त्यांच्यात जास्त होतं. हा भाग वाचून मी बराच वेळ थांबले. कारण ही निष्काळजी बाईची खूण नाही. ही एकट्या पडलेल्या, थकलेल्या बाईची खूण आहे.

आता याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. अमेरिकेत 872 मुलांना जन्मापासून तीन वर्षांपर्यंत पाहिलं गेलं आणि निष्कर्ष 2009 मध्ये आले. पहिल्या दोन वर्षांत टीव्ही जास्त पाहिलेल्या मुलांचे भाषेचे आणि हात-डोळ्यांच्या समन्वयाचे गुण कमी दिसत होते. पण आईचं वय, शिक्षण, घरचं उत्पन्न, आईची स्वतःची शब्दसंपत्ती अशा गोष्टी हिशोबात घेतल्यावर तो संबंध उरलाच नाही. टीव्हीच्या नावावर जमा झालेला फरक बराचसा परिस्थितीचा होता.

शिक्षण आणि बुद्धी यांच्यात जादूचा धागा नाही. शिकलेल्या बाईच्या घरी बहुधा थोडी जास्त पुस्तकं असतात, थोडी जास्त उसंत असते, कामाला मदतीचा हात असतो, डॉक्टरकडे जाऊन प्रश्न विचारायचं धाडस असतं. मुलाच्या वाट्याला येतं ते हे. म्हणूनच फार न शिकलेली आई मुलाशी भरपूर बोलत असेल, त्याच्या बोटाच्या दिशेने बघत असेल, तर तिच्या मुलाला मिळायचं ते मिळतंच. पदवी लागत नाही. उसंत लागते, आणि ती देणं घरातल्या बाकीच्यांच्या हातात असतं.

म्हणजे स्क्रीन निर्दोष?

नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात 2,441 माता आणि मुलांना दोन, तीन आणि पाच वर्षांच्या टप्प्यांवर पाहिलं गेलं. आधीच्या टप्प्यावर स्क्रीन जास्त असेल तर पुढच्या टप्प्यावर वाढीच्या चाचणीत गुण कमी, असा क्रम दिसला. आधीच मागे असलेल्या मुलांना पुढे स्क्रीन जास्त दिली गेली, असा उलटा क्रम दिसला नाही. परिणाम प्रचंड नव्हता, पण होता.

मी हे सगळं असं वाचते: स्क्रीनचा स्वतःचा वाटा आहे, तो मध्यम आहे. परिस्थितीचा वाटा मोठा आहे. आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण परिस्थिती बिकट असली की हात पहिल्यांदा मोबाईलकडेच जातो.

स्कॅनमध्ये मेंदूवर परिणाम दिसला, असं वाचलं होतं.

2020 चा तो अभ्यास तीन ते पाच वर्षांच्या 47 मुलांचा होता. जास्त स्क्रीन वापरणाऱ्या मुलांमध्ये भाषेशी संबंधित भागांतलं पांढरं द्रव्य, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू, कमी सुघटित दिसलं. मुलं थोडी आणि स्कॅन एकदाच, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हे त्यावरून ठरत नाही. 'मेंदू जळतो' असे मथळे त्यातून निघत नाहीत.

बाळ झाल्यापासून मला काहीच करावंसं वाटत नाही. मोबाईल लावून दिला की निदान शांतता असते. मी वाईट आई आहे का?

नाही. आणि हे उत्तर पुढच्या कुठल्याही उत्तराच्या आधी वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. म्हणजे साधारण आठांत एक. सतत उदास वाटणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा उलट सतत धास्ती वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, भूक जाणं, 'माझ्यावाचून यांचं बरं होईल' असे विचार येणं, ही त्याची लक्षणं. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतलं रडू बहुधा आपोआप ओसरतं. त्यापुढेही मन वर येत नसेल तर ते आळसाचं किंवा स्वभावाचं लक्षण नसतं, तो बरा होणारा आजार असतो.

नैराश्यात आईचा चेहरा सपाट होतो, आवाज खाली जातो, बाळाच्या 'आ'ला लगेच उत्तर देण्याइतकी ताकद उरत नाही. तिचं प्रेम कमी झालेलं नसतं, इंधन संपलेलं असतं. अशा वेळी घरातला स्क्रीनचा वेळ वाढतो, हे जपानच्या आकड्यांतही दिसलं. मग उपाय कुठे करायचा? मोबाईल हिसकावून घेतला तर त्या आईकडे होता तो एकमेव आधारही जाईल. आधी आईवर उपचार हवेत.

1987 मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मोजपट्टी नावाची 10 प्रश्नांची यादी आहे. ती भरायला पाच मिनिटं लागतात. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बाळाच्या लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांना थेट सांगा: "मला माझ्याबद्दल बोलायचं आहे." समुपदेशनाने फरक पडतो, आणि स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतील. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात येत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आजच जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालयात जा.

घरातल्या इतरांसाठी एक ओळ: तिला 'बाळाकडे बघ, सगळं विसरशील' असं म्हणू नका. बाळ घ्या आणि तिला चार तास सलग झोपू द्या.

मी बाळासमोर फोनवर असते. तो बाळाने बघितलेला स्क्रीन टाइम नाही ना?

बाळाचा नाही, पण बाळापर्यंत पोचतो. 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग काही वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, बोट दाखवतं, ओरडतं, आणि शेवटी मान फिरवून रडायला लागतं. फोनमध्ये बुडालेला चेहरा या निर्विकार चेहऱ्याच्या बराच जवळ जातो.

2017 चा एक प्रयोग तर रोजच्या घरातला वाटावा असा आहे. दोन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांनी दोन नवे शब्द शिकवायचे होते. एक शब्द शिकवताना मध्येच आईचा फोन वाजला, दुसरा सलग शिकवला. दोन्ही शब्द मुलांच्या कानावर सारख्याच वेळा पडले होते. फोन मध्ये आलेला शब्द मुलांना आला नाही, दुसरा आला.

फोन टाकून देता येत नाही, काम त्यावरच असतं. पण फोन घेताना 'थांब हं, मी बाबांना निरोप लिहिते, मग आपण खेळू' असं मोठ्याने सांगा आणि खरंच परत या. दिवसातले दोन-तीन ठरावीक वेळ, जसं अंघोळ आणि झोपण्याआधीचा अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसभराची शपथ घेऊ नका, ती मोडते आणि मग अपराधी वाटतं.

मोबाईल दाखवल्याशिवाय खातच नाही.

पडद्याकडे बघणारं मूल गिळतं, पण खात नसतं. चव, वास, पोट भरल्याची जाणीव यांकडे त्याचं लक्षच नसतं. ताट लवकर रिकामं होतं, म्हणून सवय लागते, मुलाला आणि आपल्यालाही. सोडवायची तर आठवडाभर कमी खाणं सोसायची तयारी ठेवा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आवरा, त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या, आणि तुम्हीही त्याच वेळी शेजारी बसून खा. निरोगी मूल चार दिवस कमी खाल्ल्याने खंगत नाही. वजनच वाढत नसेल तर मात्र ते बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ती वेगळी गोष्ट आहे.

रडायला लागलं की मोबाईल देतो. चटकन शांत होतं.

होतं, म्हणूनच ही सवय सर्वांत चिवट. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या 422 पालकांवर केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शांत करण्यासाठी वरचेवर स्क्रीन दिल्या जाणाऱ्या मुलांमध्ये भावनांचे चढउतार पुढे जास्त दिसले, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळातच चळवळ्या मुलांमध्ये. राग आला की काय करायचं, हे मूल रागातच शिकतं. तिथे जवळ घेऊन 'चेंडू तुटला म्हणून राग आलाय तुला' एवढं म्हणणं पुरतं. रडणं लगेच थांबणार नाही. थांबायलाच हवं असंही नाही.

झोपेवर परिणाम होतो का?

होतो. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 715 पालकांकडून घेतलेल्या माहितीत, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या टचस्क्रीन वापराच्या दर तासामागे झोप सुमारे 15.6 मिनिटांनी कमी आढळली. या वयात झोप म्हणजे दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचा वेळ. एक-दोन वर्षांच्या मुलाला 24 तासांत 11 ते 14 तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. झोपायच्या आधीचा तासभर पडदा नको.

दाखवायचंच तर काय दाखवू?

संथ, एका वेळी एकच गोष्ट सांगणारं, आणि ज्यात पात्रं थांबून मुलाला बोलायला जागा देतात असं. 2011 मध्ये चार वर्षांच्या 60 मुलांवर झालेल्या प्रयोगात भराभर दृश्यं बदलणारं कार्टून नऊ मिनिटं पाहिलेली मुलं लगेच नंतर लक्ष देण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या कामात मागे पडली. संथ कार्यक्रम पाहिलेली किंवा चित्र काढत बसलेली मुलं पडली नाहीत. एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करा. आणि शेजारी बसा. "मांजर कुठे लपलं?" असं विचारणारं माणूस शेजारी असलं की तोच कार्यक्रम बराच वेगळा होतो.

मूल दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. स्क्रीनमुळेच ना? स्वमग्नता (ऑटिझम) तर नसेल?

इथे मी हात जोडून सांगते: 'स्क्रीन बंद करा, बोलेल' म्हणत महिने घालवू नका. उशिरा बोलण्यामागे कमी ऐकू येणं असू शकतं, भाषेची वाढच मंद असू शकते, स्वमग्नताही असू शकते. स्क्रीनमुळे स्वमग्नता होते असं सिद्ध झालेलं नाही, आणि 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे वैद्यकीय निदान नाही. कधी कधी क्रम उलटाही असतो: ज्या मुलाला माणसांत मिसळणं जड जातं, ते पडद्याकडे जास्त ओढलं जातं.

वर्षभरात बडबड किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नसेल, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं काही कोणत्याही वयात बंद पडलं असेल, तर तपासणी करा. सर्वांत आधी कानांची. स्क्रीन कमी करणं आणि तपासणी दोन्ही एकाच वेळी सुरू करा, एकासाठी दुसरं थांबवू नका.

आमचं मूल तीन वर्षांचं आहे आणि आजवर रोज चार-चार तास बघत आलं. आता उशीर झाला का?

नाही. पहिली पाच वर्षं मेंदू फार झपाट्याने घडत असतो आणि त्यानंतरही शिकणं चालूच राहतं. वरच्या सगळ्या अभ्यासांतले आकडे सरासरीचे आहेत, ते तुमच्या मुलाचं भविष्य सांगत नाहीत. मागचे तास मोजत बसण्यापेक्षा उद्याची सकाळ धरा.

कमी करायचं कसं?

एकदम बंद करण्यापेक्षा एकेक जागा मोकळी करा. आधी मागे चालू असणारा टीव्ही, मग जेवण, मग झोपण्याआधीचा तास. प्रत्येक जागेसाठी आठवडाभर द्या. 'अजून पाच मिनिटं' लहान मुलाला कळत नाही, 'हे गाणं संपलं की बंद' हे कळतं. बंद करण्याचं बटण त्यालाच दाबू द्या. पहिले तीन-चार दिवस आकांत होईल, तो बहुतेक घरांत होतो.

रिकाम्या झालेल्या वेळेत खास खेळ शोधायची गरज नाही. कपड्यांच्या घड्या घालताना त्याच्या हातात मोजे द्या: "हा बाबांचा, मोठा. हा तुझा, छोटा. याचा जोडीदार कुठे गेला?" मोठं-छोटं, सारखं-वेगळं, तुझं-माझं, सगळं त्या ढिगाऱ्यात आहे. काम दुप्पट वेळ घेतं, हे खरं आहे.

आणि मला स्वतःसाठी अर्धा तास हवा असेल तर?

हवाच. मूल दोन वर्षांपुढचं असेल तर ठरवून, निवडून लावलेला अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्या तासाभराच्या मर्यादेत बसतो. त्या वेळात तुम्ही अंघोळ केलीत, दार लावून नुसत्या बसलात, तरी त्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. मूल दोनच्या आतलं असेल तर त्याला सुरक्षित कोपऱ्यात भांडी, डबे, झाकणं देऊन बघा. दहा मिनिटं मिळतात, कधी पंधरा. आणि घरात दुसरं कुणी मोठं असेल तर रोजची एक वेळ त्यांच्या नावावर पक्की करा: संध्याकाळी सात ते साडेसात मूल बाबांकडे. त्या अर्ध्या तासात तुम्ही दुसऱ्या खोलीत असा, आणि बाबांनी मुलाला कसं धरलंय ते बघायला बाहेर येऊ नका.